न लिहिलेले मृत्युपत्र

मृत्युपत्र न करता जो मनुष्य जातो त्याच्यामागे मृत्युपत्र उरत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. मृत्युपत्र असते, फक्त ते त्याने लिहिलेले नसते. संसदेने, धर्मशास्त्राने किंवा इंग्रजी अमदानीतील एखाद्या कायद्याने ते त्याच्या वतीने पूर्वीच लिहून ठेवलेले असते, आणि त्याने डोळे मिटताच, कोणी अर्ज करो वा न करो, ते अमलात आलेले असते. नवल वाटते ते याचे की, दुकानाच्या पावतीमागील बारीक अक्षरसुद्धा चष्मा चढवून वाचणारा आमचा सुशिक्षित मध्यमवर्ग आपल्या आयुष्यभराच्या कमाईची वाटणी करणारे हे मृत्युपत्र मात्र एकदाही वाचत नाही. पहिल्या पानावरील ही जागा एरवी राजकारणाच्या वाट्याला जाते. आज ती या विषयाला देण्याचे कारण असे की, या न लिहिलेल्या मृत्युपत्रातील एक कलम उघड अन्यायाचे आहे, आणि ते बदलण्याचे सामर्थ्य महाराष्ट्राच्या विधिमंडळाला असूनही त्याचा विचार तेथे गांभीर्याने झालेला नाही.

उदाहरणादाखल मालाडकडे पाहावे. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला. मालाड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले ते १९५७ साली. म्हणजे या उपनगराचे नागर आयुष्य आणि हा कायदा जवळजवळ एकाच वयाचे आहेत. मधल्या काळात येथील वाड्यांच्या चाळी झाल्या, चाळींच्या सहकारी सोसायट्या झाल्या, आणि आता त्या सोसायट्या पाडून मनोरे उभे राहात आहेत. गावाकडे वाटणी व्हायची ती शेताची. बांध घालता येत असे. येथील सामान्य कुटुंबाची सारी संपत्ती म्हणजे पाचसहाशे चौरस फुटांची एक सदनिका. तिच्यात बांध कोठे घालणार? म्हणून वर्षानुवर्षे कोणी काही बोलत नाही. भागप्रमाणपत्रावर दिवंगत वडिलांचेच नाव राहते, देखभालीचे पैसे कोणीतरी भरीत राहतो, आणि पुनर्विकासाचा करार सह्यांसाठी समोर आला म्हणजे एके दिवशी अकस्मात कळते की, या दोन खोल्यांचे मालक सातआठ जण आहेत आणि त्यांतील दोघे एकमेकांचे तोंडही पाहात नाहीत.

हे सातआठ जण येतात कोठून, हे समजून घेणे अगत्याचे आहे. समजा, लिबर्टी गार्डनच्या परिसरातील एका जुन्या सोसायटीत, स्वतःच्या कमाईच्या सदनिकेत राहणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ मृत्युपत्रावाचून वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी आणि नव्वदीला टेकलेली आई. घरातील सर्वांची समजूत, घर आता वहिनींचे, आणि त्यांच्यामागे मुलग्यांचे. कायदा असे म्हणत नाही. तो पाच सारखे वाटे करतो: पत्नीला एक, प्रत्येक मुलाला एक, मुलीला एक, आणि आईला एक. लग्न होऊन मुलगी कोठेही गेलेली असो, तिच्या वाट्यात त्यामुळे एक पैही कमी होत नाही. एखादा मुलगा बापाच्या आधी वारला असेल, तर त्याची विधवा व मुले मिळून त्याचा एक वाटा घेतात. गंमत अशी की, आई पहिल्या वर्गातील वारस आहे आणि वडील दुसऱ्या वर्गातील. पहिल्या वर्गात एक जरी वारस हयात असला तरी वडिलांना काहीही मिळत नाही. ज्या बापाने मुलाच्या घरासाठी आपला भविष्यनिर्वाह निधी मोडला, त्याने ही ओळ दोनदा वाचावी.

पुढे दोन वर्षांनी ती वृद्ध आईही गेली. तिचे पती पूर्वीच निवर्तले आहेत. तिला आणखी एक मुलगा व एक मुलगी आहे. तिच्या पाचव्या हिश्श्याचे आता तीन भाग होतात. एक पंधरावा हिस्सा दिराचा, एक नणंदेचा, आणि उरलेला एक गेलेल्या मुलाच्या तीन मुलांचा मिळून. ज्या सुनेने त्या सासूची अखेरपर्यंत शुश्रूषा केली ती या यादीत कोठेच नाही. ती तिच्या स्वतःच्या मूळच्या पाचव्या हिश्श्याचीच धनीण. यात कोणाचे कपट नाही, कोणी कागद फिरवलेले नाहीत. हे सरळ, नियमाप्रमाणे झालेले गणित आहे.

यावर हमखास मिळणारे उत्तर असे: 'आमच्याकडे नॉमिनी लावलेला आहे.' या एका शब्दाने जेवढे गैरसमज पसरविले तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाने पसरविले असतील. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. संस्थेला, बँकेला वा कंपनीला व्यवहार कोणाशी करावयाचा हे कळावे, एवढ्यापुरती ती सोय. विम्याच्या पैशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सांगितले की, नॉमिनी हा पैसे घेणारा, वारस नव्हे. (विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये आईबाप, पतिपत्नी व मुले यांच्यापुरता निराळा नियम आला, तो अपवाद होय.) शेअर व तत्सम गुंतवणुकींचा प्रश्न मात्र बराच काळ लोंबकळत होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने २०१० मध्ये नॉमिनीलाच मालक ठरविले. २०१६ मध्ये खंडपीठाने ते मत चुकीचे म्हणून बाजूला सारले. आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाच्या मतावर शिक्कामोर्तब केले. हा वाद ज्यांच्या गुंतवणुकींवरून निघाला ते 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर. त्यांची दिनदर्शिका मराठी घरांच्या भिंतीभिंतीवर आहे, आणि त्यांनी तर मृत्युपत्रही करून ठेवले होते. तरीही नॉमिनी की वारस, या प्रश्नाचा निकाल लागावयास त्यांच्या निधनानंतर दहा वर्षे लागली. मग ज्यांनी मृत्युपत्रच केले नाही त्यांच्या घरी काय होत असेल?

गृहनिर्माण सोसायट्यांपुरते बोलावयाचे तर, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली जी स्वतंत्र तरतूद झाली तिने नॉमिनीचे खरे स्थान स्पष्ट केले. वारसांची नोंद होईपर्यंत तो केवळ तात्पुरता सभासद असतो. ज्या सोसायट्यांच्या कार्यालयात आजही 'नामनिर्देशन आहे ना, मग प्रश्न मिटला' असे सांगून नवे भागप्रमाणपत्र हाती ठेवले जाते, त्यांचे चिटणीस सद्‌हेतूने का होईना, पुढच्या दाव्याची पायाभरणी करीत असतात.

पागडीच्या खोल्यांचा न्याय आणखी निराळा. भाडेकरू वारला तर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे त्याच्या मृत्युसमयी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय आधी भाडेकरू होतो. तसा कोणी नसेल तरच वारसांचा विचार. असा भाडेहक्क मृत्युपत्राने परक्याला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, जुन्या भाडेकायद्याच्या संदर्भात, सांगितलेले आहे. आणि वारस कोण हे सिद्ध करण्यासाठी जो वारस दाखला काढावा लागतो, तो आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या विनियमाखाली काढतात! पेशवाई बुडून नऊ वर्षे झाली होती त्या वेळचा हा विनियम. मनोऱ्याला चाळीस मजले चढले, तरी वारसाच्या जिन्याच्या पायऱ्या अजून एल्फिन्स्टनसाहेबांच्या काळातल्या आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे. पुरुषाच्या मागे त्याच्या घरातील स्त्रीला काय मिळावे, यावर या देशाने शंभर वर्षे विचार केला, भांडण केले, आणि बरेचसे मिळविले. १९३७ सालचा विधवांच्या हक्काचा कायदा मुंबईच्या डॉ. गोपाळराव देशमुखांच्या खटपटीचे फळ. पेडर रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. तेथून जाणाऱ्या किती जणांना त्याचे कारण ठाऊक असेल? त्या कायद्याने विधवेला मुलाइतका वाटा दिला, पण तो हयातीपुरता. हिंदू संहितेचे विधेयक रखडले, आणि १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले त्याच्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते. १९५६ च्या कायद्याने विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा केला आणि मुलीला मुलाच्या पंक्तीला बसविले. तरी वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी जन्माने सहहिस्सेदार नव्हती. तेव्हा महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहिली नाही. आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये व तमिळनाडूने १९८९ मध्ये घालून दिलेल्या वाटेने जाऊन आपल्या विधिमंडळाने १९९४ साली स्वतःची दुरुस्ती केली. जिचे लग्न २२ जून १९९४ पूर्वी झालेले नाही अशा प्रत्येक मुलीला सहहिस्सेदार केले. संसदेने तो हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व मुलींना दिला. राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलीला असलेला मज्जावही त्याच वेळी गेला. बाप २००५ मध्ये हयात नसला तरी मुलीचा हक्क बाधत नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला.

कायद्याने दिलेले रिवाजाने परत घेतले जाते, ही गोष्ट खरी आहे. 'हक्कसोड' हा शब्द मराठी बहिणीइतका कोणाच्या परिचयाचा नसेल. वडिलांचे दिवसवार होताच मोठा भाऊ कागद पुढे करतो, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. भाऊबीजेची एक साडी आणि सदनिकेचा पाचवा हिस्सा यांचा हा विनिमय पुष्कळदा हसतमुखाने होतो. त्याबद्दल कायद्याला दोष देता येणार नाही. राजीखुशीने सोडलेला हक्क हा सोडलेलाच. तेथे समाजाने आपल्या मनाला विचारावे.

परंतु स्त्री स्वतः मृत्युपत्रावाचून मरण पावली तर? तिच्या स्वतःच्या कमाईचे काय होते? येथे शंभर वर्षांचा तो सारा विचार एकाएकी थांबलेला दिसतो. कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे विवाहित स्त्रीचे वारस प्रथम तिची मुले व पती. ते नसतील तर पतीचे वारस. ते कोणीच नसतील तर, आणि तरच, तिचे आईबाप. अपवाद एवढाच की, आईबापांकडून वारशाने आलेली मिळकत तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. तिने स्वतः मिळविलेल्या पैशाला हा अपवाद नाही.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो पाहा. मालाडच्या एखाद्या शाळेत शिकविणारी, किंवा माइंडस्पेसच्या एखाद्या कचेरीत रात्रपाळी करणारी एक बाई. पती निवर्तलेला, मूल नाही. वृद्ध आई तिच्याजवळ राहते. पगारातून कर्ज काढून तिने एक खोली-स्वयंपाकघराची सदनिका घेतली, हप्ते फेडले. उद्या ती अपघाताने गेली तर ती सदनिका तिच्या आईची होत नाही. ती जाते दिवंगत पतीच्या भावाकडे; भाऊ नसेल तर पुतण्याकडे, भाच्याकडे. त्यांनी तिला कधी पाहिलेही नसले तरी चालते. हीच बाई पुरुष असती तर? मूल नसलेला विधुर गेल्यावर त्याची आई पहिल्या वर्गातील वारस म्हणून सर्व घेते. पत्नीचा भाऊ त्या यादीत शोधूनही सापडणार नाही. जोडीदार हयात असला तरी तीच तऱ्हा. अपत्यहीन पुरुषाची मिळकत पत्नी व आई यांच्यात निम्मी निम्मी होते. अपत्यहीन स्त्रीची सगळी पतीकडे जाते, तिच्या आईला छदाम नाही.

ही कल्पनेतली भीती नव्हे. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात अशीच एक स्त्री होती. १९५५ साली तिचे लग्न झाले आणि तीन महिन्यांच्या आत पती गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईबापांनी तिला शिकविले, ती नोकरीला लागली, चार पैसे साठविले. १९९६ मध्ये ती मृत्युपत्रावाचून वारली. तिच्या आईने हक्क सांगितला. दुसरीकडून हक्क सांगावयास आले तिच्या पतीच्या बहिणीचे मुलगे. २००९ मध्ये न्यायालयाने सहानुभूती बाजूला ठेवून कायद्याचा शब्द पाहिला आणि सारे त्या भाच्यांना दिले. आम्ही न्यायालयाला दोष देत नाही. कायद्याचा शब्द तोच होता. पण ज्या घराने तिला एक वेळ आश्रय दिला नाही त्या घराला तिचा भविष्यनिर्वाह निधी देणारा शब्द कायद्यात ठेवावयाचा की नाही, हे ठरविणे विधिमंडळांचे काम आहे.

त्याच मालाडमध्ये थोडे इकडेतिकडे फिरून यावे. ऑर्लेम वा खारोडीतील ख्रिस्ती शेजारीण अशाच परिस्थितीत वारली तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे तिची मिळकत तिच्या वडिलांकडे, ते नसल्यास आई व भावंडांकडे जाते. स्त्री आणि पुरुष असा भेद तो कायदा करीत नाही. मालवणीतील मुसलमान स्त्रीच्या मागे तिच्या आईचा वाटा ठरलेला असतो. कोणत्याही वारसाच्या असण्याने तो समूळ जात नाही. त्या कायद्यातही उणिवा आहेत. मुलीला मुलाच्या निम्मे, ही त्यांपैकी मोठी. पण मेलेल्या मुलीच्या जिवंत आईला जावयाच्या पुतण्यामागे उभे करण्याची रीत या तिघांत एकट्या हिंदू कायद्याची आहे, आणि तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे.

१९५६ साली हे कलम लिहिणाऱ्यांना आम्ही दुष्ट म्हणणार नाही. स्वतःच्या पगाराने स्वतःच्या नावे घर घेणारी स्त्री त्यांच्या नजरेसमोर नव्हती. स्त्रीची मिळकत म्हणजे माहेरची देणगी वा सासरचा वारसा, असे त्यांनी धरले. आज मात्र तीच स्त्री सरकारला हवी आहे. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांकशुल्कात एक टक्का सवलत, हे धोरण महाराष्ट्र शासनाने १ एप्रिल २०२१ पासून राबविले. म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर शासन म्हणते, बाई, घर तुमच्या नावे करा. आणि तिच्या मृत्यूनंतर कायदा म्हणतो, घर तुमचे कधी नव्हतेच, ते सासरचे.

हे कोणाच्या ध्यानात आले नाही असेही नाही. विधी आयोगाने २००८ मधील २०७ व्या अहवालात स्त्रीच्या स्वकष्टार्जित मिळकतीपुरते हे कलम बदलावे, सासरबरोबर माहेरलाही वाटा द्यावा, असे सुचविले. मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम वैध मानले होते. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना ते स्त्रीविरुद्ध भेदभाव करणारे वाटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायालयाने वैधतेचा निकाल दिला नाही. स्त्रियांनी आपली मृत्युपत्रे करून ठेवावीत, असे आवाहन केले.

आवाहन योग्यच आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. कागद, स्वतःची सही आणि समक्ष सही करणारे दोन साक्षीदार एवढ्यावर ते उभे राहते. आमच्या वाचक भगिनींनी ते आजच करावे. परंतु यावर थांबणे म्हणजे गळक्या छपराखाली राहणाऱ्याला छत्री घेण्याचा सल्ला देण्यासारखे आहे. तिशीतील स्त्री मृत्युपत्र करीत नाही, कारण तिशीत कोणीच मरणाचा विचार करीत नाही. ज्यांनी मृत्युपत्र केलेले नाही त्यांच्यासाठीच तर वारसा कायदा असतो. आणि त्याची कसोटी एकच: त्या माणसाला वेळ मिळता तर त्याने स्वतः काय लिहिले असते? आपले घर आईच्या आधी दिवंगत पतीच्या पुतण्याला जावे, असे किती स्त्रिया लिहितील?

विधी आयोगाची सासर-माहेर अशी विभागणी हा तोडगा झाला. आमच्या मते न्याय त्याहून सोपा आहे. पुरुषाच्या मागे जो वारसाक्रम लागतो तोच स्त्रीच्या स्वकष्टार्जित मिळकतीला लावावा: मुले, जोडीदार आणि आई प्रथम. तसे करताना दोन्हीकडच्या बापालाही आईशेजारी बसविता आले तर उत्तमच. पण ते दुसरे काम, पहिले यासाठी अडू नये.

यासाठी संसदेकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. वारसा व मृत्युपत्र हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील पाचव्या नोंदीत आहेत. राज्याचे विधिमंडळ दुरुस्ती करू शकते, आणि राष्ट्रपतींची अनुमती मिळाली म्हणजे ती केंद्राच्या कायद्याला न जुमानता त्या राज्यात चालते. १९९४ साली महाराष्ट्राने हेच केले, आणि संसदेला त्याच दिशेने यावयास अकरा वर्षे लागली. कलम दोनचार ओळींचे आहे. खजिन्यावर त्याचा भार पडत नाही, आणि कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्याला ते विसंगत नाही. सरकार विधेयक आणणार नसेल तर कोणाही सदस्याला अशासकीय विधेयक मांडता येते. मालाड पश्चिम आणि दिंडोशी या मतदारसंघांच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ते मांडावे. त्यांच्या मतदारयादीत नोकरी करून घर घेतलेल्या स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या आयाही आहेत.